फोडी कोणाच्या वाडग्यात? : ह्वे शहराचा तिखट रस्सा-शेवया आपल्या घरी

वाळूज परिसरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये, मग ते रांजणगाव असो, जोगेश्वरी असो की कमळापूर, सुट्टीच्या दिवशी अनेक घरांत मोठ्याचा रस्सा शिजतो. तीन पाळ्यांत राबणाऱ्या माणसाला अंगात ताकद हवी आणि मटण परवडत नाही. म्हशीचे मांस त्यामानाने बरेच स्वस्त पडते. पातेले मध्ये येते. आधी कामावरून आलेल्या पुरुषांना फोडी वाढल्या जातात, मग पोरांना. घरातली बाई शेवटी बसते. तोवर पातेल्यात रस्सा आणि एखादे हाड उरलेले असते. कोणी विचारलेच तर तीच म्हणते, "असू द्या, सगळा कस रश्श्यातच असतो."

हे पान तयार करणाऱ्या आमच्यातल्याच एका ताईंना मागच्या वर्षी जिना चढताना धाप लागू लागली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठच्या आसपास. गरोदर नसलेल्या बाईचे ते बारा किंवा त्याहून जास्त असायला हवे. आम्ही चकित झालो, कारण त्यांच्या घरी दर आठवड्याला मांस शिजते आणि ते चिरतात, धुतात, शिजवतात त्याच. मग हिशोब केला. वर्षभर त्यांच्या वाट्याला रस्साच आला होता.

म्हणून या अंकात आपण एक नवा पदार्थ शिकणार आहोत आणि त्याच्यासोबत वाढण्याची एक रीतही.

पदार्थ कुठला?

व्हिएतनामच्या मध्यभागी ह्वे नावाचे जुने राजधानीचे शहर आहे. तिथे 1802 पासून 1945 पर्यंत न्गुयेन राजघराण्याची गादी होती. हे शहर बौद्ध विहारांसाठीही प्रसिद्ध आहे. जगभर ध्यानाचा मार्ग शिकवणारे भिक्खू थिक न्हात हान याच शहरात 1926 साली जन्मले आणि 2022 साली इथल्याच विहारात त्यांचे निधन झाले.

या शहराचा रोजचा नाश्ता म्हणजे 'बुन बो ह्वे'. 'बुन' म्हणजे तांदळाच्या गोल, जाड शेवया. 'बो' म्हणजे गाय-बैलाचे मांस. हाडांचा तिखट, लालभडक रस्सा, त्यात गवती चहाचा वास, वर लिंबू आणि हिरवा पाला. तिकडे त्यात डुकराचे पायही घालतात आणि रक्ताच्या वड्याही. रक्ताच्या वड्या म्हटल्यावर आपल्या आज्यांना रक्ती आठवेल. उन्हात वाळवलेल्या चान्याही आठवतील.

आपल्या या खाण्याबद्दल आपल्या मनात फार दिवस लाज भरवली गेली. शाळेत डबा झाकून खायचा, शेजारी विचारले तर 'भाजी' म्हणायचे. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीवर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक 2015 साली लिहिले, तेव्हा यातले पुष्कळसे पहिल्यांदा छापील पानावर आले. बाबासाहेबांनी मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. ते आपल्या माणसांनी सोडले आणि मान ताठ केली. ताजे, तपासलेले मांस ही वेगळी गोष्ट आहे. ते खायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय. जे खातात त्यांनी ते स्वच्छ, नीट शिजवून आणि सारखे वाटून खावे, एवढेच हे पान सांगते.

कस रश्श्यात की फोडीत?

हा या पाठाचा मुख्य मुद्दा आहे. हाडांच्या रश्श्यात चव उतरते, थोडी चरबी आणि थोडी प्रथिने उतरतात. पण लोह आणि प्रथिने मुख्यतः फोडीतच राहतात. शंभर ग्रॅम कच्च्या मांसात साधारण 20 ग्रॅम प्रथिने आणि दोन ते तीन मिलिग्रॅम लोह असते. हाडे कितीही उकळली तरी कॅल्शियम फारसे सुटत नाही. त्यासाठी नाचणी, तीळ, दूध, सुकट हवे. म्हणजे आजारी माणसाला, बाळंतिणीला, वाढत्या मुलीला नुसता रस्सा पाजला तर घसा शेकतो, पण रक्त वाढत नाही.

मांसातल्या लोहाचा दुसरा गुण असा की ते भाजी-भाकरीतल्या लोहापेक्षा शरीरात लवकर शोषले जाते. शिवाय सोबत खाल्लेल्या भाजीतले लोह शोषायलाही ते मदत करते. लिंबूही तेच काम करते. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र उलटे होते. चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. मासिक पाळीत रक्त जाते, बाळंतपणात जाते. म्हणून बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला 19. ज्याला जास्त लागते त्याच्याच ताटात कमी पडते, हे आपल्या घरातले गणित आहे.

मांस घेताना

महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. ते मांस जवळ बाळगणे हासुद्धा गुन्हा धरला जातो. म्हैस आणि रेडा या बंदीत येत नाहीत. म्हणून ह्वेमध्ये जे 'बो' आहे ते आपल्याकडे म्हशीचे. परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि पावती मागून घ्या. मांस लालसर, घट्ट आणि बिनवासाचे हवे. चिकट लागत असेल तर घेऊ नका. पोटरीचे मांस आणि दोन नळ्या मागा. हे मांस चिवट असते म्हणून स्वस्त पडते, पण हळू शिजवले की सर्वांत चवदार तेच लागते.

साहित्य (पाच जणांसाठी)

म्हशीचे पोटरीचे मांस अर्धा किलो, नळीची हाडे अर्धा किलो, तांदळाच्या शेवया किंवा राइस नूडल्स 400 ग्रॅम, गवती चहाच्या बुडख्यासकट 8 काड्या, कांदे 2, आल्याचा बोटभर तुकडा, लसूण 10 पाकळ्या, सुकट 2 चमचे, तेल 3 मोठे चमचे, रंगाची मिरची पूड (काश्मिरी किंवा ब्याडगी) 2 चमचे, घरचे लाल तिखट 1 चमचा, गूळ लिंबोणीएवढा, मीठ चवीपुरते, लिंबे 3, पुदिना, कोथिंबीर, कांद्याची पात, मोड आलेले मूग 2 वाट्या.

तिकडे रश्श्यात आंबवलेल्या कोळंबीचा खारट लगदा घालतात. त्याच्या जागी आपली सुकट चालते. लाल रंगासाठी तिकडे शेंद्रीच्या बिया तेलात तळतात, आपण मिरची पूड वापरू. गवती चहा तर आपल्या दारात तेलाच्या डब्यात लावलेलाच असतो. फक्त चहाला पाने कापतो तशी न कापता काडी मुळापासून उपटा. वास पांढऱ्या बुडख्यात असतो.

कृती

1. हाडे उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवा. वर मळकट फेस येईल. ते पाणी फेकून द्या आणि हाडे धुवा. रस्सा स्वच्छ व्हायचा असेल तर ही पायरी चुकवू नका.

2. गवती चहाचे बुडखे बत्त्याने ठेचा. दोन बुडखे बारीक चिरून बाजूला ठेवा. बाकीच्यांची पानांसकट जुडी दोऱ्याने बांधा. एक कांदा आणि आले गॅसवर किंवा निखाऱ्यावर भाजून घ्या.

3. पाच लिटरच्या कुकरमध्ये हाडे, मांसाचा अख्खा तुकडा, भाजलेला कांदा, आले, जुडी आणि दोन लिटर पाणी घाला. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून 40 मिनिटे ठेवा. चुलीवर साध्या पातेल्यात केले तर अडीच-तीन तास लागतात आणि मधून मधून पाणी घालावे लागते.

4. मांस बाहेर काढून गार होऊ द्या. मग धाग्याच्या आडवे, पातळ काप करा. उभे कापले तर म्हाताऱ्या माणसांना चावत नाही.

5. सुकट निवडून, कोरडी भाजून कुटा. वाटीभर पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवा. गाळ खाली बसला की वरचे पाणी तेवढे रश्श्यात ओता. त्यात आणखी एक लिटर गरम पाणी, गूळ आणि मीठ घाला. मीठ शेवटी आणि चव घेऊन, कारण सुकट आधीच खारट असते. जुडी काढून टाका.

6. आता तिखट तेल. तेल मंद गरम करून त्यात चिरलेला लसूण, दुसरा कांदा आणि बारीक चिरलेला गवती चहा परता. सोनेरी झाले की कढई खाली उतरवा आणि मगच मिरची पूड व तिखट घाला. निम्मे तेल गाळून रश्श्यात, निम्मे वाटीत वेगळे.

7. शेवया वेगळ्या उकळा, चाळणीत काढा, वरून गार पाणी ओता. राइस नूडल्स मिळाल्या नाहीत तर उन्हाळ्यात केलेल्या गव्हाच्या शेवया चालतात, पण त्या दोन मिनिटांतच उतरवा.

आमच्याकडून झालेल्या दोन चुका सांगतो. पहिल्यांदा आम्ही गवती चहाची पाने चिरून थेट रश्श्यात टाकली, सगळ्यांच्या दातांत दोरे अडकले. दुसरे म्हणजे मिरची पूड कडकडीत तेलात घातली. ती काळी पडली आणि खोलीभर ठसका उठला. शेजारच्या काकू दार उघडून बघायला आल्या.

वाढण्याची रीत

ह्वेमध्ये पातेले मध्ये ठेवून वाढत नाहीत. प्रत्येकाचा वाडगा वेगळा भरतात. आपणही तसेच करू. घरात माणसे जितकी, तितके वाडगे ओळीने मांडा. दुसऱ्या पाळीला गेलेल्याचाही मांडा. आधी सगळ्यांत शेवया. मग मांसाचे काप मोजून, सगळ्यांत सारखे. मग मोड आलेले मूग आणि पाला. सगळ्यात शेवटी उकळता रस्सा. तिखट तेल ज्याला हवे त्याने वरून घ्यावे. लिंबू प्रत्येकाने पिळावे.

यात गोम अशी की रस्सा ओतण्याआधीच फोडी वाटून झालेल्या असतात. बाई शेवटी जेवायला बसली तरी तिचा वाटा तिच्या वाडग्यात आहे. आम्ही हे पहिल्यांदा केले तेव्हा आमच्या त्या ताईंनी सवयीने आपल्या वाडग्यातले दोन काप मुलाच्या वाडग्यात टाकले. बारा वर्षांच्या पोराने ते उचलून परत ठेवले. म्हणाला, "आई, मोजलेत."

पाळीवरून उशिरा येणाऱ्याचे काप, शेवया आणि रस्सा वेगवेगळे झाकून ठेवा. फ्रिज नसेल तर दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात त्याहून कमी. वाढताना रस्सा खळखळ उकळा. भिजलेल्या शेवया आणि भात रात्रभर बाहेर राहिले तर पोट बिघडते. तिकडे काही रश्श्यांत कच्च्या मांसाचे पातळ काप वरून घालतात. आपण तसे करू नये, पूर्ण शिजलेलेच खावे.

वर्षावासात किंवा पौर्णिमेला

ह्वेचे बौद्धही पौर्णिमा आणि अमावस्येच्या सुमारास मांस टाळतात. त्या दिवशी हाच रस्सा बिनमांसाचा होतो. आपणही हाडांच्या जागी मुळा, गाजर, कोबीचा देठ आणि अळंबी उकळावी, फोडींच्या जागी सोयाबीनच्या वड्या आणि भाजलेले शेंगदाणे घालावेत. सुकट वगळावी. तेल आणि गवती चहा तेच. वाटप मात्र तसेच, मोजून.

कोणी जपून खावे

रक्तदाब असेल त्यांनी मीठ कमी घ्यावे, सुकट गाळावी आणि रस्सा तळापर्यंत पिऊ नये. सगळे मीठ त्यातच असते. मूत्रपिंडाचा आजार किंवा युरिक ॲसिड वाढलेले असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. लाल मांस रोज खाऊ नये, आठवड्यातून एक-दोनदा पुरे. लहान मुलाला तिखट तेल न घालता, काप बारीक कुस्करून द्या.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एका वाडग्याने ॲनिमिया बरा होत नाही. धाप लागणे, चक्कर, डोळ्यांच्या आत फिकटपणा, माती किंवा खडू खावासा वाटणे, यांतले काही असेल तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. गरोदर बाईला लाल गोळी, शाळेतल्या मुलींना आठवड्याची निळी गोळी मोफत मिळते. गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरून ती बंद करू नका. आमच्या ताईंनीही गोळ्याच घेतल्या. सोबत आपला वाटा खाल्ला. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन अकराच्या पुढे गेले.

घरी करून पाहा

येत्या सुट्टीला, हा पदार्थ करा की नेहमीचा रस्सा करा, एकदा सगळ्या घराचे वाडगे ओळीने मांडा आणि फोडी मोजून घाला. मोजण्याचे काम घरातल्या लहान मुलाला द्या. एखादीच्या वाडग्यात कमी पडल्या तर तोच सांगेल.