गणपतीच्या घरात कुत्रा असेल तर

आमच्या रोहा-पेण भागात गणपतीचे दिवस म्हणजे घर भरलेलं. मुंबईहून चाकरमानी येतात, प्रत्येकाच्या पिशवीत मिठाईचा एक डबा असतो आणि पेण तर मूर्तींचंच गाव, तिथे हा सण महिनोन्‌महिने आधी सुरू झालेला असतो. उकडीचे मोदक आणि खिरापत यांच्या जोडीला आता चॉकलेटचे मोदक आले आहेत. साच्यात घातले की झटपट होतात, मुलांना आवडतात. त्यांना माझा विरोध नाही. पण दारात कुत्रा असेल, तर या डब्याची जागा जमिनीवरच्या पिशवीत नाही.

पेणला माझ्या बहिणीकडे टिपू आहे, दहा-अकरा किलोचा गावठी कुत्रा. गौरी आल्या त्या रात्री त्याने पाहुण्यांच्या पिशवीतला डबा फोडला. मोदक घरी केलेले होते, डार्क कंपाउंड आणि वर भरपूर कोको पावडर. दोन-तीन तास त्याला काहीच झालं नाही. शेपूट हलवत होता, सगळे म्हणाले, ‘पचवलं त्याने.’ मध्यरात्रीनंतर तो सारखा पाणी पिऊ लागला, ओकला, जुलाब झाले. एका जागी बसेना. छातीवर हात ठेवला तर ठोके मोजता येत नव्हते इतके भरभर पडत होते. पहाटे अंगाला थरकाप सुटला. मी रोह्याहून नागोठणे, वडखळ करत पोहोचले, तोवर डॉक्टरांनी सलाईन लावलं होतं. टिपू वाचला. पण डॉक्टरांनी आल्याआल्या विचारलेला प्रश्न माझ्या मनात राहिला आहे: ‘काय खाल्लं, किती, आणि किती वाजता?’ त्या गर्दीत नेमकं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

तो प्रश्न का महत्त्वाचा, हे नंतर समजून घेतलं. कोकोमध्ये थिओब्रोमीन नावाचं द्रव्य असतं, सोबत थोडं कॅफीन. माणसाचं शरीर ते काही तासांत निकालात काढतं. कुत्र्याच्या अंगात मात्र त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच सतरा-अठरा तास लागतात. तेवढा वेळ ते हृदयाला आणि मेंदूला डिवचत राहतं. वजनाच्या दर किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम पोटात गेलं की ओकारी, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६०च्या पुढे झटके येऊ शकतात.

आता हे आपल्या डब्याला लावून पाहा. दुधाच्या चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये सुमारे २ मिलिग्रॅम थिओब्रोमीन असतं, डार्कमध्ये ५च्या आसपास, तर कोको पावडरमध्ये २५ किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने १०० ग्रॅम दुधाचं चॉकलेट खाल्लं तर तो ओकेल; तेवढंच डार्क खाल्लं तर हृदयावर येईल. ‘मागे आमच्या कुत्र्याने खाल्लं होतं, काही झालं नाही’ असं सांगणाऱ्यांनी तेव्हा काय आणि किती खाल्लं होतं हे आठवून पाहावं. दोन-तीन किलोच्या पामेरियनला तर बशीतला उरलेला केकही पुरतो.

लक्षणं दिसायला बहुधा सहा ते बारा तास जातात आणि त्रास दोन-तीन दिवसही टिकू शकतो. यावर उतारा म्हणून एकच एक औषध नाही. मधले शांत तास हेच उपचाराचे तास. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर इंजेक्शन देऊन ओकारी करवतात, औषधी कोळसा पाजून उरलेलं शोषून घेतात. उशीर झाला की हाती राहतं ते सलाईन, ठोक्यांवर लक्ष आणि झटक्यांचं औषध. हे द्रव्य मूत्राशयातून परत रक्तात शिरतं, म्हणून बरं होईपर्यंत कुत्र्याला वरचेवर लघवीला न्यावं लागतं.

त्या रात्री शेजारच्या काकांनी मायेने मिठाचं पाणी पाजायला सुचवलं होतं. बहिणीने ऐकलं नाही, फार बरं झालं. मीठ जास्त झालं तर तेच जिवावर बेततं. थरथरणाऱ्या कुत्र्याला घरी ओकायला लावलं तर ओकारी फुप्फुसात जाते. चुलीतला कोळसा हा औषधी कोळसा नव्हे. खिरापतीतल्या मनुका-बेदाण्यांचंही लक्षात ठेवा; त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर गाड्या तासन्‌तास अडकतात. पनवेलला किंवा परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयात जाऊ, असं म्हणून निघणं तेव्हा सोपं नसतं. जवळच्या पशुवैद्याचा नंबर सणाआधीच मिळवून ठेवा, तो रात्री येतो का हेही विचारून घ्या. सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे. कुत्र्याने चॉकलेट खाल्लं असं कळलं, की वेष्टन उचलून ठेवा, वेळ लिहा, वजन सांगा आणि तो खेळत-बागडत असतानाच डॉक्टरांना फोन करा.