माशांच्या रोगानंतर हौदाचे निर्जंतुकीकरण

शेतीस जोडधंदा म्हणून अंगणातील सिमेंटच्या हौदांत गप्पी, मोली यांसारखे शोभेचे मासे वाढविणारी कुटुंबे आता अनेक गावी आढळतात. रोगाने मासे मेले म्हणजे पाणी बदलून लगेच नवे मासे सोडण्याची घाई बहुधा केली जाते, आणि थोड्याच दिवसांत तेही मरू लागतात. पहिले नुकसान नेहमीच टाळता येते असे नाही. दुसरे मात्र खात्रीने टाळता येण्याजोगे असते.

रोग कोठे दडतो?

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे उदाहरण घ्यावे. ह्या रोगाचा परजीवी वाढ पूर्ण होताच माशाचे अंग सोडून तळाशी चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो व त्यात विभागून शेकडो नव्या जीवांस जन्म देतो. कवचात असता त्याच्यावर औषध चालत नाही. तात्पर्य, मासे गेले तरी रोग हौदात, शेवाळात आणि ओल्या जाळीत शिल्लक राहतो.

कामाचा क्रम

1. मेलेले मासे विहीर व ओढा यांपासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. हौदातील पाणी ओढ्यात अथवा तळ्यात सोडू नये.

2. हौद रिकामा करून गाळ व शेवाळ घासून काढावे. घाण राहिल्यास ब्लीचिंग पावडरीतील क्लोरीन तिच्यावरच खर्च होतो आणि जंतू वाचतात.

3. हौद स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरून दर 100 लिटर पाण्यास 70 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर (क्लोरीन सुमारे 30 टक्के) कालवून घालावी. जाळी, बादल्या व नळ्याही त्यातच बुडवाव्यात. निदान एक तास तसेच ठेवावे.

4. हे पाणी पिके व विहीर टाळून पडीक जागी जिरवावे. हौद व साहित्य दोन-तीनदा धुऊन चार-पाच दिवस कडक उन्हात कोरडे करावे.

पावडर हाताळताना हातमोजे घालावेत व काम उघड्यावर करावे. तिच्यात आम्ल कदापि मिसळू नये. विषारी वायू निघतो.

विशेष सूचना

मासे खंगत जाऊन पाठीचा कणा वाकत असेल, तर माशांच्या क्षयरोगाचा संशय घ्यावा. त्याचे जंतू चिवट असून हातावरील जखमेतून माणसाच्या त्वचेतही शिरतात. अशा वेळी स्पंज व वाळू टाकून द्यावी आणि हातास जखम असता हौदात हात घालू नये. हातावरील गाठ वा फोड बरा होत नसल्यास आपण माशांचे काम करतो हे डॉक्टरांस अवश्य सांगावे.

हौद पुन्हा भरल्यावर प्रथम थोडेच मासे सोडून दोन-तीन आठवडे निरीक्षण करावे. ते निरोगी राहिले तरच बाकीचे आणावेत. प्रत्येक हौदास स्वतंत्र जाळी ठेवावी. गावातील कार्यकर्त्यांनी एका हौदावर हे काम सर्वांसमक्ष करून दाखवावे. पाहिलेले ध्यानात राहते.