उंची की कौशल्य?

अमेरिकेचे बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेन यांची उंची 7 फूट 1 इंच होती. 2 मार्च 1962 रोजी त्यांनी एका सामन्यात 100 गुण मिळवले. 'हे यश केवळ उंचीचे', असा आक्षेप घेतला जाई. परंतु त्या सामन्यात 32 पैकी 28 फ्री थ्रो त्यांनी अचूक टाकले. तेथे उंची फारशी उपयोगी पडत नाही. तेव्हा ते दोन्ही हातांनी चेंडू खालून फेकत. ही पद्धत हास्यास्पद दिसते, म्हणून पुढे त्यांनी ती सोडली आणि अचूकता घटली. तरीही 1967-68 मध्ये एनबीएतील सर्वाधिक, 702 असिस्ट या सेंटरच्याच नावावर होते. उंची निसर्गदत्त होती. कौशल्य त्यांनी कमावले आणि लोकलज्जेपायी थोडे गमावलेही.

विचार करा : लोकलज्जेपायी योग्य पद्धत सोडणे उचित आहे का?