गुरू-शिष्याचे नाते आणि मोबाईलमधील एकांत



मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर आले. पुढे शाळा सुरू झाल्या, पण व्हॉट्सअ‍ॅपवरील वर्गाचे ग्रुप राहिले. आपल्या भिवंडीत यंत्रमागावर राबणाऱ्या आईवडिलांना खासगी शिकवणीची फी परवडत नाही. अशा घरातील मुलामुलींच्या शंका रात्रीसुद्धा फोनवर सोडविणारे शिक्षक आहेत. त्यांचे उपकार आम्ही मानतो. म्हणून मोबाईल वाईट, असे म्हणून भागणार नाही. प्रश्न मर्यादेचा आहे. शिक्षकाने एकट्या विद्यार्थिनीला वा विद्यार्थ्याला खासगी संदेश पाठवावेत काय? इन्स्टाग्रामवर त्यांच्याशी मैत्री जोडावी काय?

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आचार्यांना दक्षिण दिशा म्हटले आहे. शिष्याची पाच कर्तव्ये सांगून ते थांबले नाहीत, आचार्यांचीही पाच सांगितली. चांगले वळण लावणे, नीट समजेल असे शिकविणे, सर्व विद्या देणे, मित्रमंडळीत शिष्याचा गौरव करणे आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करणे, ही ती कर्तव्ये होत. यातील शेवटचे आज सर्वांत महत्त्वाचे आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. श्रावस्तीत उदायी नावाचे भिक्षू एका तरुण स्त्रीसमवेत आडोशाला एकांतात बसलेले विशाखा उपासिकेने पाहिले. हे योग्य नाही, आपल्या मनात काही नसले तरी लोकांना ते पटविणे कठीण, असे तिने सांगितले. त्यांनी ऐकले नाही, तेव्हा तिने इतर भिक्षूंना कळविले. भगवंतांनी तिला गप्प बसविले नाही. विश्वासू उपासिकेच्या शब्दाची संघाने दखल घ्यावी, असा नियमच त्यांनी घालून दिला.

आजचा आडोसा म्हणजे मोबाईलमधील खासगी संदेश. खोलीच्या दाराशी शेजाऱ्यांचे डोळे तरी असतात, येथे तेही नाहीत. आम्ही बँकेत काम करतो. तेथे नोटा ग्राहकासमोर मोजतात. त्यात कर्मचाऱ्यावर अविश्वास नसतो, दोघांचेही रक्षण असते. शिक्षक आणि विद्यार्थी यांचे बोलणेही असेच उघड असावे.

यासाठी काही साध्या गोष्टी पाळता येतील. अभ्यासाचे बोलणे वर्गाच्या ग्रुपवरच व्हावे आणि त्यात दुसरे एखादे शिक्षक व पालक असावेत. एकट्याला कळविणे भाग पडले, तर ते पालकांच्या फोनवर कळवावे. शाळेत शिकत असेपर्यंत वैयक्तिक खात्यावर मैत्री जोडू नये. विद्यार्थ्यांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नयेत. "हे घरी सांगू नकोस" किंवा "मेसेज पुसून टाक" असे कोणी लिहिले, तर मर्यादा ओलांडली गेली असे समजावे.

कायदाही जाणून घ्यावा. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाशी लैंगिक हेतूने फोनवरून वा इंटरनेटवरून वारंवार संपर्क साधणे हा गुन्हा आहे. घडलेला गुन्हा माहीत असूनही पोलिसांना न कळविणे हासुद्धा गुन्हाच आहे. मदतीसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे.

परंतु मुलगी आधी घरी बोलली पाहिजे. ती का बोलत नाही? तिला ठाऊक असते की बोलल्याबरोबर फोन काढून घेतला जाईल, शाळा बंद होईल आणि लग्नाची बोलणी सुरू होतील. चूक दुसऱ्याची आणि शिक्षण मात्र तिचे जाते! ज्या समाजाला परमपूज्य बाबासाहेबांनी शिक्षणाचा मार्ग दाखविला, त्या समाजाने मुलीला अशी शिक्षा देणे शोभत नाही. तिचे ऐकून घ्यावे, संदेश पुसू नयेत, मुख्याध्यापकांकडे तिच्यासोबत जावे आणि दुसऱ्या दिवशी तिला शाळेत पाठवावे.

केळुसकर गुरुजींनी बाबासाहेबांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, ते त्यांच्या सत्काराच्या भर सभेत. गुरूच्या मायेला आडोसा लागत नाही. असे गुरू आपल्या मुलांना लाभोत, आणि विशाखेसारखे निर्भयपणे बोलणारे आईवडील प्रत्येक वस्तीत निर्माण होवोत, हीच मंगल कामना.

नमो बुद्धाय! जयभीम!