ज्वारी हाक मारते कवकाला, पण ऐकतो टारफुलासुद्धा



पाचवीच्या वर्गात सूक्ष्मजीव शिकवत होतो. "बुरशी कुठे कुठे बघितली?" असं विचारलं, तर भराभर उत्तरं आली. शिळ्या भाकरीवर, लोणच्यावर, पावसाळ्यात चपलेवर. एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या बाबांनी बुरशीनाशक आणलंय." म्हणजे काय, तर बुरशी ही शत्रूच! मग मी फळ्यावर लिहिलं : 'ज्वारीच्या मुळात एक बुरशी राहते आणि ज्वारी तिला स्वतः बोलावते.' वर्ग एकदम गप्प.

पाठ्यपुस्तकात आपण बुरशीलाच कवक म्हणतो. मुळात राहणारं हे कवक डोळ्यांना दिसत नाही. पण त्याची आणि वनस्पतींची सोबत फार जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी गावाजवळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे वनस्पतींचे जीवाश्म सापडले आहेत, त्यांतसुद्धा हे कवक आहे. तेव्हा झाडांना आजच्यासारखी मुळंही नव्हती! आज ज्वारी, मका, गहू, भात, तूर, कांदा अशा बहुतेक पिकांशी त्याची जोडी जमते.

पिकाला त्याची गरज काय? तर स्फुरद. नत्र पाण्याबरोबर जमिनीत सहज फिरतं. स्फुरद मात्र मातीच्या कणांना चिकटून बसतं. मुळाच्या अगदी जवळचं स्फुरद संपलं की मूळ उपाशी, आणि चार बोटांवर साठा पडून! कवकाचे तंतू मुळावरच्या केसांपेक्षाही बारीक असतात. ते लांब पसरतात आणि तिथून स्फुरद आणतात. बदल्यात पीक त्यांना साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. हे कवक स्वतःसाठी स्निग्ध आम्लं तयार करू शकत नाही, ती झाडाकडूनच घ्यावी लागतात, हे २०१७ साली स्पष्ट झालं. म्हणजे झाडावाचून त्याचं पान हलत नाही.

आता जनुकांकडे येऊ. (जनुकाला इंग्रजीत जीन म्हणतात असं सांगितल्यावर मागच्या बाकावरून "सर, पँट?" असा आवाज आला, तो सोडून द्या.) जनुक म्हणजे पेशीतल्या डीएनएवर लिहिलेली एक सूचना. सगळ्या सूचना प्रत्येक पेशीत असतात, पण गरज पडेल तेव्हाच त्या वाचल्या जातात. घरात पाककृतींची वही असते, पण पुरणपोळीचं पान सणालाच उघडतं, तसं.

ज्वारीला स्फुरद कमी पडलं की काही जनुकं चालू होतात आणि मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन मातीत सोडतं. ही झाली हाक. ती मिळताच कवकाच्या तंतूंना भराभर फांद्या फुटतात. कवकही आपली रसायनं पाठवून 'आलो' म्हणतं. मग मुळाच्या पेशीत, केंद्रकाजवळ, कॅल्शियमचं प्रमाण ठेक्यात कमीजास्त होऊ लागतं. हा ठेका ओळखणारं प्रथिन तयार करण्याचं काम एका जनुकाचं. ते जनुक बिघडलं तर कवक दारात येऊनही आत येऊ शकत नाही. कडधान्यांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियमसाठीही हेच जनुक लागतं. एक कुलूप, दोन पाहुणे!

आत आलेलं कवक पेशीत छोट्या झाडासारखं फांदारतं. देवाणघेवाण इथेच होते. लसूणघासाच्या नात्यातल्या एका वनस्पतीवर झालेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. कवकाने आणलेलं स्फुरद आत घेणारं जनुकच त्यात बंद पाडलं होतं. परिणाम असा झाला की पेशीतली ती कवकाची झाडं वेळेआधीच मरून गेली. स्फुरद मिळत नाही, तर मुक्कामही नाही. मला तर हे आमच्या गावच्या किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखं वाटतं.

उलट, शेतात स्फुरदाचं खत भरपूर पडलं तर हाक मंदावते. आणि मोहरी, कोबी, मुळा यांच्या कुळाने तर ही हाक-प्रतिसादाची काही जनुकंच कधीकाळी गमावली आहेत. त्यांच्या मुळात हे कवक नांदत नाही.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण ज्वारी पिकवणाऱ्यांना टारफुला माहीत असेल. ज्वारीच्या बुंध्याशी पांढऱ्या फुलांचं नाजूक रोप येतं आणि वर ज्वारी पिवळी पडून खुरटते. लहानपणी आमच्या रानात तो बघितला तेव्हा साधं तण वाटलं होतं. ते तण नाही, ज्वारीच्या मुळाला तोंड लावून जगणारं परजीवी आहे. त्याचं बी धुळीसारखं बारीक, एका रोपाला हजारोंनी येतं आणि मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं. जाग कशाने येते? त्याच हाकेने! खरं तर शास्त्रज्ञांना ही हाक आधी टारफुल्यामुळेच कळली. १९६६ साली कापसाच्या मुळातून टारफुल्याचं बी जागं करणारं रसायन वेगळं काढलं. टारफुल्याच्या 'स्ट्रायगा' या शास्त्रीय नावावरूनच रसायनाचं नाव पडलं. पण झाड स्वतःच्या शत्रूला का बोलावेल, याचं उत्तर मिळायला २००५ साल उजाडलं. जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की हाक कवकासाठी आहे, शत्रू फक्त चोरून ऐकतो.

मग हाकच बंद केली तर? तसं केलं तर कवकही नीट येत नाही. आफ्रिकेत तर टारफुल्याच्या भाऊबंदांनी ज्वारी-मक्याचं फार मोठं नुकसान होतं. तिथे टारफुल्याला दाद न देणाऱ्या ज्वारीच्या जाती तयार करण्यात मूळचे इथिओपियाचे गेबिसा एजेटा यांचं मोठं काम आहे. त्यांना २००९ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा काही जातींचं गुपित २०१७ साली उलगडलं. त्यांच्यात एक जनुक काम करत नाही, त्यामुळे मूळ थोड्या वेगळ्या घडणीचं स्ट्रायगोलॅक्टोन सोडतं. ते टारफुल्याचं बी फारसं जागवत नाही, पण कवकाच्या तंतूंना मात्र त्याच्यामुळेही फांद्या फुटतात.

हे सांगून झालं तेव्हा घंटा व्हायला आली होती. तेवढ्यात तोच मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "सर, मग टारफुल्याला खोटी हाक मारून फसवता येईल का?" येतं ना! कापूस तेच करतो. त्याच्या मुळाच्या हाकेने टारफुल्याचं बी जागं होतं, पण कापसाच्या मुळाला त्याला तोंड लावता येत नाही. मातीत कोंब फुटतो आणि काही दिवसांत उपाशी मरतो. म्हणून ज्वारीच्या रानात फेरपालटीला कापूस घेतला की मातीतलं थोडं बी दरवर्षी असं वाया जातं.