आधी जोडून दाखवा

मुरगूडला रेल्वे नाही. कागल तालुक्यातलं, वेदगंगेकाठचं आमचं गाव. आगगाडी बघायची तर कोल्हापूर गाठावं लागतं. कोल्हापूर–मिरज लोहमार्ग 1891 साली सुरू झाला, पण रूळ आमच्या अंगाला कधी वळले नाहीत. तरीही माझ्या घड्याळ-मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात जपानी गाड्या उभ्या आहेत. त्यांतली प्रत्येक गाडी उलगडली की दोन पायांवर उभी राहते आणि सहा गाड्या एकमेकींत बसवल्या की त्यांचा एकच धिप्पाड रोबो होतो. हा छंद मी जिवापाड जपला आहे. गावातल्या आणि आसपासच्या ज्यांना तो लागलाय, त्यांच्या मोडलेल्या गाड्याही माझ्याच टेबलावर येतात. पुण्या-मुंबईला आणि आता जपानलाही नोकरीला गेलेली पोरं सुट्टीला येताना भाच्या-पुतण्यांना हीच खेळणी आणतात. त्यात काय फसतं, काय मोडतं आणि काय टिकतं, ते एकदा नीट लिहून काढावं असं फार दिवस मनात होतं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख. वेगवेगळी यानं जोडून एक रोबो करायची कल्पना जपानी टीव्हीवर 1974 च्या ‘गेटर रोबो’नं रुजवली. 1976 च्या ‘कॉम्बॅटलर व्ही’च्या खेळण्यात ती जोडणी मुलांच्या हातात खरोखर उतरली. पुढं ताकारा कंपनीनं ‘डायाक्लोन’ मालिकेत रेल्वेगाड्यांचे रोबो काढले. अमेरिकेच्या हॅस्ब्रोनं ताकाराचीच खेळणी घेऊन 1984 मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ हे नाव जगभर नेलं. जपानात 1987 च्या ‘हेडमास्टर्स’ मालिकेत त्या गाड्या ट्रेनबॉट म्हणून परत आल्या : शोकी, गेत्सुएई, युकिकाझे, सुइकेन, सेइझान आणि काएन. सहा मिळून रायदेन. यातला शोकी म्हणजे 1964 मध्ये तोक्यो–ओसाका मार्गावर धावलेली पहिली बुलेट ट्रेन, निळ्या-पांढऱ्या रंगाची. युकिकाझे म्हणजे 1982 ची हिरव्या पट्ट्याची, बर्फाळ मुलखासाठी बांधलेली गाडी. खेळणं असलं तरी गाडीचं नाक, खिडक्या, पट्टे खऱ्या गाडीबरहुकूम असतात, आणि मला वेड लागलं ते तिथंच.

नंतर 1993 चा ‘माइटगाइन’ आला, 2000 साली तीन बुलेट ट्रेनचा ‘जेआरएक्स’ आला, 2014 ला ‘तोक्यूजर’. 2018 पासून टीव्हीवर आलेला ‘शिंकालियन’ आजच्या मुलांचा. त्यातली हिरवी ई-5 गाडी लक्षात ठेवा. मुंबई–अहमदाबाद मार्गासाठी सुरुवातीला याच जातीची गाडी ठरली होती. पुढच्या डब्याचं धड, मागच्या डब्याचे पाय, इतकी सुटसुटीत तिची रचना. ज्याला छंद सुरू करायचा आहे त्यानं तिथून करावा. जुन्या सहा गाड्यांच्या संचाला पहिल्याच फटक्यात हात घालू नये.

त्या जुन्या संचाचीच गोष्ट सांगतो. एका विक्रेत्यानं फोटो पाठवले. सहाही गाड्या ओळीत मांडलेल्या, रंग शाबूत, स्टिकर जागेवर. पैसे भरले, पार्सल आलं. गाड्या खरोखर सहा होत्या. पण असल्या संचात जोडलेल्या रोबोचं डोकं, पंजे, छातीवरची जोडपट्टी हे भाग गाड्यांपासून सुटे असतात, आणि त्यातलं काहीच पिशवीत नव्हतं. भाचा शेजारी बसून बघत होता. त्यानं विचारलं, “मामा, ह्याचं डोकं कुठाय?” शिवाय सहातली एक गाडी हाताला हलकी लागत होती. उलटी करून भिंगातून बघितली, तर बाकी पाचांच्या पोटाखाली कंपनीचं नाव आणि जपानचा शिक्का साच्यातच उमटलेला, हिच्या पोटाखाली नुसता गुळगुळीत प्लास्टिकचा चौकोन. तिथला मजकूर साच्यातून घासून काढलेला. विक्रेत्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं : सहा गाड्या म्हटल्या होत्या, सहा पाठवल्या. त्यानंतर फोन लागला नाही.

शब्दाला धरून तो बरोबरच होता, आणि असल्या व्यवहारात माणूस नाडला जातो तो इथंच. फोटो गाड्यांचे असतात आणि किंमत रोबोची लावलेली असते. म्हणून पैसे देण्याआधी एकच मागणी करा : व्हिडिओ कॉलवर सहा गाड्या माझ्यासमोर जोडा. नुसता जोडलेल्या रोबोचा फोटो चालत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या संचाचाही असू शकतो. जोडताना डोकं कुठून आलं, पंजे कुठल्या खाचेत गेले, सगळं दिसतं. जोडून झालं की आधार न देता त्याला उभा ठेवायला सांगा आणि बोलत राहा. कंबरेचा आणि गुडघ्याचा जोड झिजला असेल तर रोबो हळूहळू एका अंगाला कलतो. एक हात खांद्यातून वर करायला लावा. तो आपसूक खाली आला तर तो जोड गेलेला आहे. नंतर सगळे सुटे भाग पांढऱ्या कागदावर मांडून माहितीपत्रकातल्या चित्राशी एकेक करून ताडून बघा. खरा संच असलेल्या माणसाला हे सगळं करायला आनंद वाटतो, असा माझा अनुभव आहे. जो टाळाटाळ करतो, ‘पॅक करून ठेवलंय, आता उघडत नाही’ म्हणतो, त्याला रामराम करावा.

जपानातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून मागवणार असाल तर यादीत ‘जंक’ असं लिहिलंय का बघा. तसं असेल तर वस्तू मोडकी किंवा न तपासलेली समजून विकलेली असते, परत घेत नाहीत. तिथले दुकानदार डाग, चरा, तुटलेली खिट्टी सहसा प्रामाणिकपणे लिहितात. ते सगळं भाषांतर करून वाचल्याशिवाय बोली लावू नये.

मग जकात. भारतात खेळण्यांवरचं आयातशुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. दर बदलत असतात, म्हणून मागवायच्या आठवड्यातला दर काढा आणि त्यावरचा जीएसटी धरूनच हिशेब करा. ‘भेट म्हणून पाठव, म्हणजे कर लागत नाही’ हा सल्ला अजून बरेच जण देतात. डिसेंबर 2019 पासून परदेशातून टपालानं किंवा कुरिअरनं भेट म्हणून करमुक्त वस्तू आणणं औषधं आणि राख्या सोडल्या तर बंद झालं आहे. खोटी किंमत लिहून आणलेलं पार्सल अडकलं, तर खेळणंही जातं आणि दंडही बसतो. जपानातून घरचं माणूस येत असेल तर त्याच्या सामानातून आणणं सगळ्यांत सरळ. प्रवाशाला ठरावीक रकमेपर्यंत सूट असते, फक्त पावती जवळ हवी.

पार्सल आलं की चिकटपट्टी फाडण्याआधी मोबाईल लावून ठेवा आणि उघडण्याचं सलग चित्रण करा. तक्रार करायची वेळ आली तर त्याच्याइतका पुरावा दुसरा नाही. ‘पैसे परत पाठवतो, पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या; पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावं, आणि दुकानदाराविरुद्ध ग्राहक म्हणून तक्रार असेल तर 1915 वर. लाजून गप्प बसणाऱ्यांचे पैसे परत येत नाहीत.

आता माझ्या टेबलावरच्या गोष्टी. दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक गाड्या पडून मोडलेल्या नसतात, उलट्या क्रमानं उलगडल्यामुळं मोडलेल्या असतात. या गाड्यांच्या घडीला क्रम आहे. आधी छताचा पत्रा उचलायचा, मग बाजू सरकवायची, मग पाय ओढायचे. एखादी पायरी चुकली की आतली खिट्टी अडते, आणि माणूस जोर लावतो. “बसंना झालंय,” म्हणत पोरगं दाबतं आणि कट्कन आवाज येतो. जोड अडला की थांबा, एक पायरी मागं या, पत्रक बघा. चांगल्या जोडाला टकटक असा खटका असतो. तो खटका बोटाला लागला नाही तर पुढं जाऊ नका. नवा जोड फार घट्ट असेल तर केस वाळवायच्या यंत्राची मंद ऊब लांबून द्यावी. तेल घालू नका. शिलाई यंत्राचं तेल, गंज काढायचा फवारा, यांनी प्लास्टिकला बारीक तडे जातात. लागलंच तर सिलिकॉनचं वंगण, टाचणीच्या टोकाएवढं.

स्क्रू खोलायचा प्रसंग आला तर जपानी स्क्रूची फुली नीट बघा. ती आपल्याकडच्या फिलिप्स फुलीसारखी दिसते, पण खाचेचा आकार थोडा वेगळा. साधा स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, वर उचलला जातो आणि फुली खाऊन टाकतो. जेआयएस टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि खाली दाबून, सावकाश फिरवा. जुन्या गाड्यांत गुडघ्याला, खांद्याला पोलादी पिन असते. तिचं एक टोक गुळगुळीत आणि दुसऱ्या टोकाला बारीक रेघा असतात. बाहेर काढताना ती ठोकायची गुळगुळीत टोकाकडून, रेघांचं टोक पुढं ठेवून. उलटीकडून ठोकली तर रेघा प्लास्टिकचं भोक कुरतडत जातात आणि तो जोड पुन्हा कधी घट्ट होत नाही. हे मी इतक्या बारकाईनं लिहितोय, कारण अशा भोक मोठं झालेल्या गाड्यांना माझ्याकडंही उपाय नाही.

आमच्याकडचा पावसाळा या खेळण्यांना मानवत नाही. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. पिना गंजतात, जुन्या स्टिकरचा डिंक सुटतो. कपाट भिंतीपासून सुटं ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पुड्या मधूनमधून वाळवा. रबरी भाग थर्माकोलला किंवा प्लास्टिकला टेकून महिनोन्‌महिने ठेवू नका, ते एकमेकांना चिकटून वितळल्यासारखे होतात. मध्ये साधा कागद घाला. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तर ठेवूच नका. उन्हानं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, आणि बुलेट ट्रेनचा मूळ रंगच पांढरा. पिवळेपणा घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवण्याची युक्ती सांगतात. रंग उजळतो हे खरं, पण पुष्कळदा पिवळेपणा परत येतो आणि प्लास्टिक ठिसूळ होण्याची भीती असते. थोडी पिवळी पण धड गाडी बरी.

बॅटरीवर धावणारी गाडी खोक्यात ठेवताना सेल काढूनच ठेवा. अल्कलाइन सेल गळला की पांढरी भुकटी जमते आणि पितळी पट्ट्या खाल्ल्या जातात. हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून पुसावी, मग कोरडं करावं.

आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर यातलं काहीही त्याच्या हाताशी ठेवू नका. रोबोचा पंजा लहान मुलाच्या घशात अडकण्याएवढा असतो. जत्रेत पालावर मिळणाऱ्या नकली जोडरोबोबाबत तर मी फार कडक आहे. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ज्यावर ते नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, ज्याचा रंग बोटाला लागतो, ते पोराच्या हातात देऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो.

एवढं सगळं सांभाळून करायचं काय, असं कुणी विचारलं तर मी त्याला पुण्याला कोथरूडच्या बाजूला असलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघायला सांगतो. भाऊसाहेब जोशींनी छंदापायी आयुष्यभर जमवलेल्या, बांधलेल्या गाड्या तिथं 1998 पासून लोकांसमोर धावतात. गाड्या धावत्या ठेवल्या म्हणून तो छंद घरापुरता राहिला नाही. रोबोंचंही तसंच आहे. सीलबंद खोकं किमतीला चढतं हे मला मान्य आहे, पण महिन्यातून एकदा घडी उलगडून, जोडून, पुन्हा गाडी करून ठेवलेला संच बघायला पोरं येतात, शिकतात, आणि जोड कुठं सैल होतोय ते वेळेत कळतं.

माझ्या त्या संचाला पुढं पंजे मिळाले, तेही एका अनोळखी संग्राहकाकडून. त्याच्याकडं गाड्या मोडल्या होत्या आणि पंजे शिल्लक होते. डोकं मात्र अजून मिळालेलं नाही. तेव्हा वाचकहो, दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या डब्यात एखादा प्लास्टिकचा पंजा, खाचेची पट्टी, चेहरा असलेला तुकडा सापडला तर तो भंगारात देऊ नका. त्यावर शिक्का आहे का बघा, फोटो काढा आणि हा छंद असलेल्या कुणाला तरी दाखवा. कुठल्या तरी गावात एक संच तेवढ्यासाठी अडून राहिलेला असतो.