हृदयाच्या तळभिंतीवरचा आघात

रात्रीचे जेवण होऊन तास-दीड तास झाला आहे. घरातले पन्नाशी उलटलेले काका पोटाच्या वरच्या भागावर हात ठेवून येरझाऱ्या घालत आहेत. एकदा उलटी झाली. कपाळावर घाम आहे, आणि हात लावून पाहावा तर अंग गार लागते. ‘पित्त खवळलं असेल, वडे जरा जास्तच झाले,’ असे ते स्वतःच म्हणतात. कोणी ओवा आणि काळे मीठ पुढे करतो, कोणी सोड्याची बाटली उघडतो. ‘छातीत दुखतंय का?’ असे विचारावे तर उत्तर येते, ‘छातीत नाही, इथे खाली जळजळतंय.’

पोटात जळजळणाऱ्या बहुतेक माणसांना खरोखरच पित्त झालेले असते. परंतु एखाद्याचे पोट पूर्ण निर्दोष असते. दोष असतो तो पोटाच्या छतावर टेकलेल्या हृदयाच्या भिंतीत. या भिंतीला झटका आला आहे हे डॉक्टर कसे ओळखतात आणि त्यावर काय उपाय करतात, हे या पाठात पाहू.

हृदय छातीत सरळ उभे नसते. ते तिरके, जवळजवळ पहुडलेले असते आणि त्याचा खालचा पृष्ठभाग मध्यपटलावर टेकलेला असतो. मध्यपटलाच्या खाली लगेच यकृताचा डावा खंड आणि जठर. डाव्या निलयाच्या या खालच्या बाजूस तळभिंत म्हणू. डॉक्टर तिला ‘इन्फीरिअर वॉल’ म्हणतात. हृदयविकाराच्या शंभर झटक्यांपैकी सुमारे चाळीस झटक्यांत ही भिंत सापडलेली असते.

हृदयाच्या पोकळ्यांतून दिवसभर रक्त वाहत असले तरी त्याच्या स्नायूंना रक्त मिळते ते स्वतंत्र नळ्यांतून. या नळ्या म्हणजे हृद्‌रोहिणी. महारोहिणीच्या अगदी मुळाशी उजवी व डावी अशा दोन हृद्‌रोहिण्या निघतात. शंभरांपैकी ऐंशी ते पंच्याऐंशी माणसांत तळभिंतीला रक्त पुरवण्याचे काम उजवी करते. ती उजवे अलिंद आणि उजवे निलय यांच्यामधील खाचेतून वळसा घेत तळाशी येते, आणि वाटेत उजव्या निलयाच्या भिंतीला फांद्या देते. हृदयाचे ठोके सुरू करणारी गाठ आणि ते ठोके अलिंदांकडून निलयांकडे पोहोचवणारी दुसरी गाठ, यांनाही बहुतेक वेळा तिच्याच फांद्या जातात. उरलेल्या माणसांपैकी पुष्कळांत तळभिंतीचा पुरवठा डाव्या रोहिणीच्या ‘सर्कमफ्लेक्स’ नावाच्या वळसेदार शाखेकडे असतो. हा नकाशा नीट ध्यानात ठेवावा. पुढची जवळजवळ सर्व लक्षणे त्यातूनच निघतात.

झटका येतो म्हणजे काय होते? रोहिणीच्या आतल्या अस्तराखाली वर्षानुवर्षे चरबीचा थर साठलेला असतो. एके दिवशी त्यावरचे पातळ आवरण फाटते. रक्ताला ती जखम वाटते आणि जखमेवर धरावी तशी तेथे गुठळी धरते. नळी बंद पडली की वीस ते तीस मिनिटांनी पुढचा स्नायू मरू लागतो. सुरुवात आतल्या थरापासून होते आणि मृत्यूची लाट बाहेरच्या बाजूस सरकत जाते. काही तासांत बहुतेक नुकसान होऊन चुकते. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, त्याच्या जागी व्रण राहतो. म्हणूनच सोड्याच्या बाटलीत गेलेला तास महाग पडतो.

मग दुखणे पोटात का वाटते? हृदयाकडून निघालेले वेदनेचे मज्जातंतू मेरुरज्जूत जेथे शिरतात तेथेच छाती, हात आणि पोटाचा वरचा भाग यांचेही तंतू येतात. त्यामुळे तक्रार नेमकी कोणाची याचा मेंदूला उलगडा होत नाही. शिवाय तळभिंतीत प्राणेशा या तंत्रिकेचे तंतू दाट असतात. ते चेतवले गेले की मळमळ व उलटी होते, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. भीतीने छाती धडधडावी अशा वेळी नाडी मिनिटाला ४५ किंवा ५० भरावी, ही विसंगती अनुभवी डॉक्टरांच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

पायाला लावलेली तार

निदानाचे मुख्य साधन ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत् आलेख. हॉलंडमधील लायडन येथील प्राध्यापक विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्यासाठी तंतू-गॅल्व्हानोमीटर तयार केला. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणलेला, चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा बारीक तंतू हे त्याचे हृदय. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवण्यास पाच माणसे लागत. रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसवीत. या कार्यासाठी आइन्थोव्हेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज यंत्र दप्तरात मावते, पण तारा अजूनही हातापायांनाच लावतात.

या तारांचे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज समजेल असे आहे. डाव्या हाताचे विभव ड, उजव्याचे उ आणि डाव्या पायाचे प मानू. (उजव्या पायाची तार फक्त भूसंपर्कासाठी असते.)

पहिले लीड = ड − उ
दुसरे लीड = प − उ
तिसरे लीड = प − ड

पहिले आणि तिसरे यांची बेरीज करा. ड निघून जातो आणि प − उ, म्हणजे दुसरे लीड उरते. हाच आइन्थोव्हेनचा नियम. पुढे १९४२ मध्ये गोल्डबर्गर यांनी आणखी तीन लीड्स काढली. त्यांपैकी एव्हीएफ म्हणजे पाय वजा दोन्ही हातांची सरासरी, आणि एव्हीएल म्हणजे डावा हात वजा उजवा हात व पाय यांची सरासरी. छातीवरची सहा धरून आजची बारा लीड्स होतात.

आता हृदयाकडे पायाच्या दिशेने कोण ‘पाहते’? दुसरे, तिसरे आणि एव्हीएफ. तळभिंत हृदयाच्या पायाकडील बाजूस आहे, म्हणून तिची बातमी या तीन लीड्समध्ये येते. निरोगी आलेखात निलयांच्या आकुंचनाची उंच लहर संपल्यावर रेघ मूळ पातळीवर येते. या आडव्या तुकड्यास एसटी भाग म्हणतात. रक्त तुटलेला स्नायू विद्युत्‌दृष्ट्या शेजाऱ्यांपेक्षा वेगळा वागतो, त्यामुळे तो तुकडा वर उचलला जातो. दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ या लीड्सपैकी किमान दोन लीड्समध्ये तो १ मि.मी. किंवा अधिक उचललेला असेल, तर तळभिंतीच्या झटक्याचा दाट संशय धरतात. ईसीजीच्या कागदावर १० मि.मी. म्हणजे १ मिलिव्होल्ट. तेव्हा १ मि.मी. म्हणजे एका व्होल्टचा दहा हजारावा भाग! एवढ्याशा विभवावर माणसाच्या जिवाचा निर्णय होतो.

एक उदाहरण करू. समजा एसटी भाग दुसऱ्या लीडमध्ये २ मि.मी. आणि तिसऱ्यात ३ मि.मी. वर आहे. नियमानुसार पहिले = दुसरे − तिसरे = −१. म्हणजे पहिल्या लीडमध्ये तो १ मि.मी. खाली गेलाच पाहिजे. एव्हीएफ ही दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी, म्हणून २.५ वर. एव्हीएल म्हणजे पहिल्यातून तिसरे वजा करून निम्मे, म्हणून २ मि.मी. खाली. समोरच्या बाजूस दिसणारी ही उलटी छबी तळभिंतीच्या झटक्याची मोठी साक्षीदार असते. हृदयाच्या आवरणाचा दाह झाला तरी एसटी भाग उचलला जातो, पण तो बहुतेक सर्व लीड्समध्ये, आणि तेव्हा एव्हीएल असे खाली जात नाही. तिसऱ्यातील उंची दुसऱ्यापेक्षा जास्त असेल तर उजवी हृद्‌रोहिणी बंद असण्याची शक्यता अधिक. उलट असेल तर संशय सर्कमफ्लेक्सवर जातो. अर्थात हे अनुमान आहे, पुरावा मिळतो तो अँजिओग्राफीत.

छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात अशा तऱ्हेने दुखणारा रुग्ण आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढावा, असा संकेत आहे. पहिला आलेख साफ असला तरी दुखणे चालू असेल तर तो पुनःपुन्हा काढतात. रक्तातील ट्रोपोनिन या प्रथिनाची तपासणीही करतात. ते वाढण्यास काही वेळ लागतो, म्हणून ईसीजी स्पष्ट असेल तर त्याची वाट पाहत बसत नाहीत.

उजव्या बाजूची चोरवाट

वरचा नकाशा आठवा. उजवी रोहिणी मुळाजवळ बंद पडली तर उजवे निलयही सापडते. तळभिंतीच्या सुमारे एक-तृतीयांश किंवा त्याहून अधिक झटक्यांत असे घडते. नेहमीच्या बारा लीड्समध्ये ते नीट दिसत नाही. म्हणून छातीवरचे चौथे लीड डावीकडे न लावता त्याच जागी उजवीकडे लावून आणखी एक आलेख घेतात. खर्च काही नाही, वेळ एक मिनिट. तरीही घाईत हे राहून जाते, आणि राहून जाऊ नये असे मला फार वाटते. कारण उपचार तेथूनच बदलतो.

छातीत दुखले की जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवायची, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. ही गोळी नीला सैल करते. सैल नीलांत रक्त साठून राहते आणि हृदयाकडे परत येणारे रक्त घटते. एरवी यामुळे हृदयाचा भार हलका होतो. पण दुबळे झालेले उजवे निलय स्वतःच्या जोरावर रक्त फुफ्फुसांकडे ढकलू शकत नसते. मागून येणाऱ्या रक्ताच्या दाबावरच ते तगून असते. तोच दाब काढून घेतला तर डाव्या निलयाला रक्त पोहोचत नाही आणि रक्तदाब एकदम कोसळू शकतो. म्हणून रक्तदाब कमी असेल किंवा उजव्या निलयाला इजा असेल तर ही गोळी टाळतात. उलट शिरेतून सलाईन देतात, तेही बेताने, कारण अती फुगलेले उजवे निलय मधला पडदा डावीकडे ढकलून डाव्याची जागा खाते. मानेच्या नीला फुगलेल्या, फुफ्फुसे स्वच्छ आणि रक्तदाब उतरलेला, अशी त्रयी दिसली की डॉक्टर उजवीकडे वळतात.

नाडी फार मंदावली तर शिरेतून अट्रोपिन देतात. अलिंदांचा संदेश निलयांपर्यंत पोहोचेनासा झाला तर काही काळ तात्पुरता कृत्रिम गतिकारक बसवावा लागतो. तळभिंतीच्या झटक्यात हा अडथळा बहुधा काही दिवसांत आपोआप दूर होतो. कायमचा गतिकारक क्वचितच लागतो.

मुख्य काम मात्र नळी मोकळी करण्याचे. आरंभी ॲस्पिरिन चघळायला देतात, साधारणपणे ३०० मिलिग्रॅम. चघळल्याने ती लवकर शोषली जाते आणि रक्तातील बिंबिकांचे एकमेकींना चिकटणे थांबते. सोय असेल तेथे मनगटातील किंवा जांघेतील रोहिणीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन फुग्याने अडथळा उघडतात व तेथे जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. फुग्याचा हा प्रयोग आंद्रेआस ग्रुंट्‌झिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे प्रथम केला. रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांत फुगा उघडावा, असे उद्दिष्ट असते.

तालुक्याच्या गावी ही सोय बहुधा नसते. तेथे गुठळी विरघळवणारे औषध कामी येते. स्ट्रेप्टोकायनेज हे स्ट्रेप्टोकोकस जंतूंपासून मिळणारे द्रव्य त्यांपैकीच एक. घसा दुखवणाऱ्या जंतूने हृदय वाचवावे, हा निसर्गाचा विनोदच म्हणायचा. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या १७,१८७ रुग्णांवरील चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज व ॲस्पिरिन यांपैकी प्रत्येकाने मृत्यू कमी केले, आणि दोन्ही मिळून आणखी कमी केले. आता एकाच इंजेक्शनात देता येणारे टेनेक्टेप्लेजही वापरतात. ही औषधे पहिल्या बारा तासांत देतात, आणि जितकी लवकर तितका लाभ अधिक. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेल्या माणसाला ती देत नाहीत. महारोहिणीची भिंत चिरत जाऊन उजव्या रोहिणीचे तोंड दबले, तरी ईसीजी अगदी असाच दिसतो. तेथे हे औषध घातक ठरते, म्हणून ते देण्यापूर्वी दोन्ही हातांतील रक्तदाब तपासून पाहतात.

घरात असा प्रसंग आला तर रुग्णाला जिना उतरायला लावू नये, गाडी चालवू देऊ नये. १०८ क्रमांकावर फोन करून ‘पोटात दुखते, गार घाम आला आहे, नाडी मंद आहे’ असे नेमके सांगावे. ॲस्पिरिन द्यावी की नाही हेही त्यांनाच विचारावे.

वर्गात करून पाहण्यासाठी एक उदाहरण: एका रुग्णाच्या आलेखात एसटी भाग दुसऱ्या लीडमध्ये २ मि.मी. व तिसऱ्यात १.५ मि.मी. वर आहे. पहिल्या लीडमध्ये, एव्हीएफमध्ये आणि एव्हीएलमध्ये तो कोठे असेल? आणि संशय कोणत्या रोहिणीवर जाईल?